प्रश्न खरा, आरोपी चुकीचा : बँकर-खासदार लुई मॅकफॅडन यांचा धडा

समाजमाध्यमांवर एक जुनं भाषण वर्षानुवर्षं फिरतंय. अमेरिकेच्या संसदेत १० जून १९३२ रोजी झालेलं. भाषण करणारे खासदार होते लुई मॅकफॅडन. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, हिच्यावर त्यांनी त्या दिवशी जे कोरडे ओढले ते वाचून आजही माणूस थक्क होतो. व्याज, बँका आणि सामान्य माणसाची लूट हा विषय आपल्या समाजात जिव्हाळ्याचा आहे. त्यामुळे या भाषणाचे तुकडे आपल्याकडेही आवडीने पुढे पाठवले जातात. सोबत बहुतेक वेळा अशी टीप असते की, खरं बोलल्याबद्दल या माणसाला विष देऊन मारण्यात आलं.

या फॉरवर्डमध्ये मॅकफॅडन यांची अर्धीच गोष्ट असते. उरलेली अर्धी मुद्दाम गाळलेली असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तीच पसरवणं हा पाठवणाऱ्याचा खरा हेतू असतो. ही पूर्ण गोष्ट आपण समजून घ्यायला हवी असं आम्हाला वाटतं. कारण तिचा संबंध अमेरिकेच्या इतिहासाइतकाच आजच्या आपल्या जगण्याशी आहे.

गावच्या बँकेतून वॉशिंग्टनला

मॅकफॅडन यांचा जन्म २५ जुलै १८७६ चा. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तर टोकाला, न्यूयॉर्क राज्याच्या सीमेजवळ ब्रॅडफर्ड काउंटी आहे. डोंगर, शेती, दूधदुभतं आणि छोटी छोटी गावं असा हा परिसर. सरकारी शाळेत शिकून आणि सीमेपलीकडच्या एल्मायरा शहरात व्यापारी शिक्षण घेऊन हा मुलगा १८९२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, कॅन्टन गावच्या फर्स्ट नॅशनल बँकेत नोकरीला लागला. सात वर्षांनी, १८९९ मध्ये, तो त्याच बँकेचा कॅशिअर झाला. त्या काळच्या अमेरिकन बँकेत कॅशिअर म्हणजे खिडकीमागे बसून नोटा मोजणारा कर्मचारी नव्हे, तर रोजचा सगळा कारभार पाहणारा माणूस. १९१६ मध्ये मॅकफॅडन बँकेचे अध्यक्ष झाले.

नावात 'नॅशनल' असलं तरी ही देशभर पसरलेली बँक नव्हती. केंद्र सरकारच्या परवान्यावर चालणारी ती एका गावची बँक होती. गावातल्या लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि गावातल्याच शेतकऱ्यांना, दुकानदारांना कर्ज द्यायचं. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असलेली अर्बन बँक किंवा पतसंस्था डोळ्यासमोर आणली तर बरीचशी कल्पना येईल. कोणाची जमीन किती, कोणाची नियत कशी, कोणाच्या घरी लग्न आहे, हे सगळं बँकवाल्याला तोंडपाठ असतं. अशा माणसाचा शब्द गावात चालतो. बँकेच्या चेअरमनने आमदारकीची पायरी चढणं महाराष्ट्रालाही नवं नाही. अमेरिकेतही तेच घडलं. मॅकफॅडन १९१४-१५ मध्ये राज्याच्या बँकर संघटनेचे अध्यक्ष होते. १९१४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षातर्फे ते प्रतिनिधीगृहावर, म्हणजे अमेरिकेच्या लोकसभेवर म्हणा ना, निवडून गेले. ४ मार्च १९१५ पासून ३ जानेवारी १९३५ पर्यंत, सलग दहा मुदती, ते तिथे होते.

१९२० मध्ये ते सभागृहाच्या बँकिंग व चलन समितीचे अध्यक्ष झाले आणि १९३१ पर्यंत राहिले. देशातल्या बँकांचे कायदे ज्या समितीत घडतात तिची चावी अकरा वर्षं त्यांच्या हाती होती. यातली पहिली काही वर्षं, १९२५ पर्यंत, ते कॅन्टनच्या बँकेचेही अध्यक्ष होते. बँकांसाठी कायदे करणाराच बँकेच्या खुर्चीवर! आज असं घडलं तर हितसंबंधांचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जाईल. फेडचे शत्रू म्हणून मॅकफॅडन यांना डोक्यावर घेणारे हा मुद्दा सांगत नाहीत. ते व्याजाच्या विरोधातही नव्हते. उमेदीची तेहतीस वर्षं त्यांनी व्याजावर चालणाऱ्या बँकेतच घालवली. त्यांचं भांडण व्याजाशी नव्हतं, न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांशी होतं.

ज्या कायद्याला त्यांचं नाव आहे

अमेरिकन बँकिंगच्या पुस्तकांत मॅकफॅडन यांचं नाव टिकून आहे ते २५ फेब्रुवारी १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही केलेल्या कायद्यामुळे. 'मॅकफॅडन कायदा' म्हणूनच तो ओळखला जातो.

केंद्राच्या परवान्यावर चालणाऱ्या बँकांना तेव्हा शाखा उघडण्याची जवळपास मुभाच नव्हती. काही राज्यांच्या परवान्यावरच्या बँका मात्र शाखा वाढवत सुटल्या होत्या. या दोघांत समेट म्हणून नव्या कायद्याने सांगितलं की, राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर नॅशनल बँकेला आपल्या स्वतःच्या शहरात शाखा काढता येईल. पण राज्याबाहेर नाही. आणि २५ हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात तर नाहीच. थोडक्यात, न्यूयॉर्क किंवा शिकागोची बलाढ्य बँक कॅन्टनसारख्या गावात येऊन बसू शकणार नव्हती. गावचा बँकवाला सुरक्षित झाला.

हेतू समजण्यासारखा होता. मोठी बँक गावातून ठेवी गोळा करील आणि कर्ज मात्र शहरातल्या शेअर बाजारात देईल, ही भीती खोटी नव्हती. पण औषधाचे दुष्परिणाम भारी पडले. एकाच गावात ठेवी, एकाच गावात कर्ज आणि सगळं गाव एकाच पिकावर अवलंबून. गव्हाचा भाव पडला की शेतकऱ्याचा हप्ता थकतो, हप्ता थकला की बँक अडचणीत येते, आणि कुजबुज सुरू झाली की ठेवीदारांची दारात रांग लागते. तोटा पोटात घ्यायला दुसऱ्या प्रांतातली शाखा नसते. १९२० च्या दशकात, शहरांत भरभराट चालू असतानाही, पाच हजारांहून जास्त अमेरिकन बँका बंद पडल्या. त्यातल्या बहुतेक छोट्या, गावाकडच्या. १९३० ते १९३३ या चार वर्षांत आणखी सुमारे नऊ हजार गेल्या. शेजारच्या कॅनडात मंदी तितकीच भीषण होती. पण तिथे मोजक्या बँका आणि देशभर शाखा अशी रचना होती, आणि त्या काळात तिथली एकही बँक बुडाली नाही. मॅकफॅडन कायद्याने घातलेली आंतरराज्य शाखांची बंदी पुढे १९९४ च्या कायद्याने उठली.

त्याच १९२७ च्या कायद्यात आणखी एक तरतूद होती. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. फेडरल रिझर्व्ह व्यवस्था १९१३ च्या कायद्याने आली तेव्हा तिच्या बारा बँकांना वीस वर्षांची सनद मिळाली होती. ती मुदत १९३४ च्या सुमारास संपणार होती. मॅकफॅडन यांच्या कायद्याने ही मुदतच काढून टाकली. संसद बरखास्त करीत नाही तोवर या बँका चालूच राहणार, असं ठरलं. फेडचा सर्वांत कडवा टीकाकार म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्यांच्याच कायद्याने फेड कायमचं झालं!

मंदी आणि खरा राग

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पुढच्या तीन वर्षांत अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. शेतं लिलावात निघाली. आयुष्यभराची पुंजी बँकेत ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बंद दारावरची नोटीस वाचून परतावं लागलं. तेव्हा सरकारी ठेव विमा नव्हता. बँक बुडाली की पैसे बुडाले.

या काळात मॅकफॅडन पेटून उठले आणि त्यांच्या रागाला आधार होता, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. बँका धडाधड बुडत असताना त्यांना हात देणं हे फेडचं काम होतं. ते त्याने नीट केलं नाही. १९६३ मध्ये मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी दाखवून दिलं की १९२९ ते १९३३ दरम्यान अमेरिकेतला पैशाचा पुरवठा सुमारे एक तृतीयांशाने आटला आणि फेड हातावर हात ठेवून बसलं. पुढे फेडचे अध्यक्ष झालेले बेन बर्नान्के यांनी २००२ मध्ये, फेडच्या मंडळावर असताना, जाहीर कार्यक्रमात ही चूक फेडच्या वतीने मान्य केली. म्हणजे १९३२ च्या त्या भाषणातली मूळ तक्रार, की ही संस्था सामान्य माणसाच्या कामी आली नाही, अगदीच हवेतली नव्हती.

पण त्याच भाषणात खऱ्यासोबत अर्धसत्यही भरपूर होतं. फेड ही निव्वळ खासगी मक्तेदारी आहे, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात रचना मिश्र आहे. प्रादेशिक रिझर्व्ह बँकांचे भाग सभासद बँकांकडे असतात, पण वरच्या मंडळाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि तिला सिनेटची मंजुरी लागते. (आपली रिझर्व्ह बँकही १९३५ मध्ये खासगी भागधारकांची म्हणूनच सुरू झाली होती. तिचं राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४९ ला झालं.) शिवाय त्या भाषणात युरोपातून आलेल्या बँकरांनी हे संकट अमेरिकेवर लादलं, असा सूर होता. चूक धोरणाची की बाहेरून आलेल्या माणसांची? मॅकफॅडन हळूहळू दुसऱ्या उत्तराकडे सरकत होते.

जून १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी युरोपीय देशांच्या युद्धकर्जांची वसुली एक वर्ष थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. मॅकफॅडन यांनी आपल्याच पक्षाच्या अध्यक्षावर, जर्मन बँकरांना विकले गेल्याचा आरोप केला. १३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनी हूवर यांच्यावर महाभियोगाचा ठराव आणला. सभागृहाने तो ३६१ विरुद्ध ८ मतांनी बाजूला सारला. जानेवारी १९३३ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. पक्षाने त्यांना जवळपास वाळीत टाकलं.

मे १९३३ : एका आठवड्यात काय घडलं

२३ मे १९३३ रोजी मॅकफॅडन यांनी प्रतिनिधीगृहात फेडरल रिझर्व्ह मंडळाच्या आजी-माजी सदस्यांवर आणि अर्थमंत्र्यांवर महाभियोगाचे आरोप मांडले. ते न्यायविषयक समितीकडे गेले आणि तिथेच पडून राहिले.

अगदी त्याच दिवशी, संसदेच्या दुसऱ्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या समितीपुढे जे. पी. मॉर्गन (धाकटे) साक्षीला बसले होते. त्यांची उलटतपासणी घेत होते फर्डिनांड पेकोरा. सिसिलीत जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले वकील. पेकोरा यांनी कोणत्याही जमातीचं नाव घेतलं नाही. त्यांनी कागद मागवले. आणि कागदांतून बाहेर आलं की मॉर्गन आणि त्यांच्या भागीदारांनी १९३१ आणि १९३२ या दोन वर्षांत अमेरिकेत एक डॉलरही आयकर भरला नव्हता. वजनदार लोकांना बाजारभावापेक्षा स्वस्तात शेअर देण्याची एक खास यादी होती. मॅकफॅडन कायद्यावर सही करणारे माजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचंही नाव तिच्यात निघालं. याआधी फेब्रुवारीत याच चौकशीमुळे नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल यांना राजीनामा द्यावा लागला होता.

सहा दिवसांनी, २९ मे रोजी, मॅकफॅडन पुन्हा बोलायला उभे राहिले. विषय होता सोन्याचा. रूझवेल्ट सरकारने लोकांकडचं सोनं जमा करून घेतलं होतं आणि सोन्यात रक्कम चुकती करण्याचे करार रद्द होणार होते. या धोरणावर बोलण्यासारखं खूप होतं. पण मॅकफॅडन म्हणाले की, ज्यू नसलेल्या लोकांच्या हाती आता कागदाचे कपटे उरलेत आणि खरा पैसा ज्यूंकडे गेला आहे. पुरावा म्हणून त्यांनी 'प्रोटोकॉल्स' नावाच्या पुस्तिकेचा आधार घेतला. ज्यू पुढारी जगावर राज्य करण्याचा कट करत आहेत असं सांगणारी ही बनावट पुस्तिका. ती फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनवरच्या एका जुन्या राजकीय पुस्तकातून चोरून बनवली आहे, हे लंडनच्या 'द टाइम्स'ने ऑगस्ट १९२१ मध्येच उतारे शेजारी शेजारी छापून दाखवलं होतं. अमेरिकेत हा मजकूर पसरवणारे मोटार कारखानदार हेन्री फोर्ड यांनीही १९२७ मध्ये जाहीर माफी मागितली होती. त्यानंतर सहा वर्षांनी, संसदेच्या बँकिंग समितीचा माजी अध्यक्ष भर सभागृहात तीच पुस्तिका पुढे करत होता.

तारीखही लक्षात घ्या. हिटलर सत्तेवर येऊन चार महिने झाले होते. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराचा पुकारा झाला होता.

मॅकफॅडन यांच्या आरोपातली लबाडी समजायला फार मोठा अभ्यास लागत नाही. तेजीच्या संपूर्ण काळात, १९२१ ते १९३२ च्या सुरुवातीपर्यंत, अमेरिकेचे अर्थमंत्री होते अँड्र्यू मेलन. तेव्हाच्या नियमानुसार अर्थमंत्री हाच फेड मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष असे. मेलन पिट्सबर्गचे बँकर, म्हणजे मॅकफॅडन यांच्याच राज्याचे, त्यांच्याच पक्षाचे आणि धर्माने ख्रिस्ती. मॉर्गनही ख्रिस्तीच. मग हा 'ख्रिस्ती कट' झाला का? तसं कोणी म्हटलं नाही, आणि म्हणायलाही नको. उलट ज्या पॉल वॉरबर्ग या ज्यू बँकरवर असे लोक सगळं खापर फोडतात, त्यांनी मार्च १९२९ मध्येच सट्टेबाजीबद्दल जाहीर इशारा दिला होता. तो कोणी ऐकला नाही.

शेवट काय झाला

पेकोरांच्या चौकशीने देश हलला होता. १६ जून १९३३ रोजी ग्लास-स्टीगल कायदा मंजूर झाला. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या बँका आणि शेअरबाजाराचा धंदा करणाऱ्या पेढ्या वेगळ्या केल्या गेल्या. १ जानेवारी १९३४ पासून ठेव विमा सुरू झाला, आधी अडीच हजार डॉलरपर्यंत आणि त्याच वर्षी पाच हजारांपर्यंत. गावच्या बँकेत पैसे ठेवणाऱ्या माणसाला प्रथमच झोप लागली. कॅन्टनच्या शेतकऱ्यासाठी याहून मोठं काम त्या दशकात बँकिंगमध्ये झालं नसेल. पण ते मॅकफॅडन यांच्या हातून झालं नाही.

टेक्ससचे खासदार राइट पॅटमन यांचं उदाहरणही पाहण्यासारखं आहे. फेडवर आणि मोठ्या बँकांवर त्यांचा राग मॅकफॅडन यांच्याइतकाच होता. जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी मेलन यांच्यावर महाभियोगाचे आरोप ठेवले. पुढच्याच महिन्यात मेलन यांनी अर्थखातं सोडलं आणि नंतर ते राजदूत म्हणून लंडनला गेले. पॅटमन यांनी कायदा, हितसंबंध आणि व्यवहार यांवर बोट ठेवलं. चढे व्याजदर आणि फेडचा बंद दाराआडचा कारभार यांवर ते आयुष्यभर बोलत राहिले आणि १९६३ ते १९७५ त्याच बँकिंग समितीचे अध्यक्ष झाले.

मॅकफॅडन १९३४ ची निवडणूक हरले. वीस वर्षांचा मतदारसंघ डेमोक्रॅट उमेदवाराकडे गेला. १९३६ मध्ये त्यांना पक्षाची उमेदवारीही मिळाली नाही. १ ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. कॅन्टनजवळच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. विषप्रयोगाची कहाणी नंतर जोडली गेली. तिला पुरावा नाही. आणि ज्या माणसाची सत्ता, पक्ष आणि जागा तिन्ही आधीच गेली होती, त्याला मारून कोणाला काय मिळणार होतं, हा साधा प्रश्नही फॉरवर्ड करणारे विचारत नाहीत.

हे आपल्याला का माहीत हवं

गाझातली दृश्यं पाहून आपलं मन जळतं. तो राग न्याय्य आहे. इस्रायल सरकारच्या धोरणाचा निषेध करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण या रागाच्या प्रवाहात कोणीतरी हळूच मॅकफॅडन सोडून देतो. 'बघा, शंभर वर्षांपूर्वीच एका अमेरिकन खासदाराने सांगून ठेवलं होतं' असं म्हणत. आणि एका सरकारवरचा राग बघता बघता एका अख्ख्या जमातीवर जाऊन बसतो. पाठवणाऱ्याला बऱ्याचदा हेही माहीत नसतं की या मजकुराचा उगम ज्या गटांत आहे, ते गट मुसलमानांचाही तितकाच द्वेष करतात.

मराठी मुसलमानांना तर ज्यू म्हणजे कोण हे फॉरवर्डमधून शिकायची गरजच नाही. अलिबाग, पेण, रोह्याच्या पट्ट्यात बेने इस्रायली शेकडो वर्षं राहिले. मराठी बोलणारे, घाण्यावर तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. ज्या कोकणात आपल्या मशिदी आहेत त्याच कोकणात त्यांची प्रार्थनास्थळं आहेत. मुंबईच्या ज्या रस्त्याला डॉ. ई. मोझेस यांचं नाव आहे, ते याच समाजातले आणि शहराचे माजी महापौर. भायखळा-नागपाडा भागात ज्यू दानशूरांनी काढलेल्या ससून शाळांमध्ये आज बहुसंख्य मुलं मुस्लिम घरांतली आहेत. जगाचा पैसा मुठीत ठेवणारा 'ज्यू' आणि तेलाचा घाणा फिरवणारा शनवार तेली, या दोघांचा मेळ कसा घालणार?

आणि एका जमातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे? २०२० ची आठवण ताजी आहे. साथ जगभर पसरलेली असताना इथे तबलिगी जमातच्या नावाने एका समाजाला रोगाचा जनक ठरवलं गेलं. भाजीवाल्यांची नावं विचारली गेली. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याची शक्यता स्पष्ट शब्दांत नोंदवली. आरोग्यव्यवस्थेच्या कमतरतेचा प्रश्न खरा होता. उत्तर म्हणून एका जमातीचं नाव दिलं गेलं. १९३३ मध्ये अमेरिकेत हेच घडलं होतं, नाव फक्त दुसरं होतं.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. बँका, व्याज, कर्ज, मध्यवर्ती बँकेची धोरणं यांवर जरूर बोला, खूप बोला. आपल्या राज्यात सहकारी बँका बुडतात तेव्हा गरीब ठेवीदारच रडतो. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे, हे आपल्या मोहल्ल्यात किती जणांना माहीत आहे? संचालक मंडळाने कोणाला कर्ज दिलं, किती बुडालं, लेखापरीक्षकाने काय शेरा मारला, हे सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा. पेकोरांनी हेच केलं होतं.

आणि पुढच्या वेळी असा मजकूर हातात आला तर त्यातून जमातीचं नाव काढून वाचून बघा. मॉर्गनने कर भरला नाही, हे वाक्य मॉर्गनचा धर्म न सांगताही पूर्ण राहतं. मॅकफॅडन यांच्या २९ मे च्या आरोपातून 'ज्यू' हा शब्द काढला तर मागे काहीच उरत नाही. असा मजकूर पुढे पाठवायचा नसतो, मग तो कोणाबद्दलही असो. ज्यांच्याशी आपलं वैर आहे त्यांच्या बाबतीतही न्याय सोडायचा नाही, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. उद्या आपल्याबद्दल असा मजकूर फिरेल तेव्हा शेजाऱ्याने तो पुढे पाठवण्याआधी थांबावं, अशीच आपली अपेक्षा असणार आहे.